एकच शिखर हवं होतं

रेणूंचं वजन मोजणाऱ्या मास स्पेकच्या पडद्यावर चार शिखरं उभी होती. सगळ्यात डावीकडचं सतरा हजारांच्या जरा पुढे, म्हणजे आमचं मूळ प्रथिन. ते अगदी बुटकं उरलं होतं. त्याच्या उजवीकडे ३७६ने जड झालेलं दुसरं, ७५२ने जड झालेलं तिसरं आणि ११२८ने जड झालेलं चौथं. यंत्र सांभाळणाऱ्या बाईंनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "किती जागी चिकटायला हवा होता?"

"एका," मी म्हणाले.

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. छापील कागद माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या कुणाचा नमुना लावला. माझ्या रेणूचं वजन ४१२. प्रथिनाला चिकटताना त्याचा क्लोरीन आणि प्रथिनावरचा एक हायड्रोजन मिळून ३६ बाहेर पडतात, उरतात ३७६. गणित चोख होतं. रेणू चिकटत होता यात शंकाच नव्हती. पण तो दोनदा चिकटत होता, तीनदाही चिकटत होता. आणि ज्या आलेखांच्या जोरावर चार महिने मी गटाच्या बैठकीत उभी राहत होते, ते सगळे या चिकटेपणाचेच होते.

ही गोष्ट अमेरिकेतली. पुण्यात पीएच.डी. करून पोस्टडॉकसाठी गेले, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पुण्यात मी वनस्पतींमध्ये सापडणारे गुंतागुंतीचे रेणू बनवायचे. त्या कामात रेणू तयार झाला, एनएमआर जुळला, की बाटलीवर लेबल लावायचं आणि पुढच्या रेणूकडे वळायचं. इथे रेणू तयार झाला की काम सुरू व्हायचं. तो पेशीत शिरला पाहिजे, हजारो प्रथिनांच्या गर्दीतून एकापाशी पोचला पाहिजे, आणि त्या प्रथिनाने दुसऱ्या प्रथिनाला मारलेली मिठी सोडवली पाहिजे.

आमचं प्रथिन बीएफएल-१. त्याच्या घराण्यातलं सगळ्यात नावाजलेलं प्रथिन बीसीएल-२. प्रत्येक पेशीत स्वतःला संपवण्याची सोय असते. डीएनए दुरुस्तीपलीकडे बिघडला की बॅक्स आणि बॅक नावाची प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला भोकं पाडतात, आतलं सायटोक्रोम सी बाहेर येतं आणि पेशी आतून शिस्तीत मोडत जाते. बीएफएल-१ आणि त्याची भावंडं या मारेकऱ्यांना, आणि त्यांना जागं करणाऱ्या बिम, नॉक्सा अशा निरोप्यांना धरून ठेवतात. धरतात ते अंगावरच्या एका लांबट खाचेत. निरोप्याचा पिळाचा एक तुकडा त्या खाचेत आडवा पडतो आणि त्याच्या एका बाजूची चार तेलकट टोकं खाचेतल्या चार खळग्यांत बसतात. निरोगी पेशीला हा पहारा लागतोच. कॅन्सरची पेशी मात्र पहारेकरी भरमसाट वाढवते, आणि मग केमोथेरपीने कितीही मार दिला तरी मरत नाही.

ही पकड सोडवणं अवघड का, हे मला तिथे जाईपर्यंत नीट कळलं नव्हतं. एन्झाइमला सहसा खोल खळगा असतो, छोटा रेणू त्यात शिरून बसू शकतो. दोन प्रथिनं एकमेकांना भिडतात ती जागा मात्र पसरट असते, साधारण १५०० ते ३००० चौरस अँगस्ट्रॉम. आमचा रेणू त्यावर पडला तर परातीच्या बुडाला चिकटलेल्या पिठाच्या कणाएवढा. बीसीएल-२च्या बाबतीत हे जमलं, पण त्याला किती काळ लागला पाहा. १९९६मध्ये स्टीफन फेसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅबट कंपनीत एनएमआर वापरून प्रथिनावर हलके बसणारे छोटे तुकडे शोधायची आणि ते जोडून मोठा रेणू बांधायची रीत दाखवली. त्याच वाटेने पुढे जाऊन वेनेटोक्लॅक्स हे रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध आलं ते २०१६मध्ये. वीस वर्षं. आणि त्यानंतर काही रुग्णांत असं दिसू लागलं की बीसीएल-२ अडवलं की कॅन्सरची पेशी त्याच्या भावंडांवर भार टाकते. त्या भावंडांतलं एक आमचं.

बीएफएल-१कडे मात्र एक गोष्ट अशी होती, जी भावंडांकडे नव्हती. त्याच्या खाचेतच, ५५व्या जागेवर, सिस्टीन आहे. सिस्टीन म्हणजे गंधक असलेलं अमिनो आम्ल, आणि ते गंधक रासायनिकदृष्ट्या भुकेलेलं असतं. माणसाच्या प्रथिनांमध्ये सिस्टीनचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे हव्या त्या जागी ते सापडणं हे भाग्यच. निसर्गानेही ते हेरलेलं आहे. नॉक्साच्या पिळावर नेमकं समोर सिस्टीन आहे आणि दोघांमध्ये गंधकाचा पूल बांधला जाऊ शकतो. २०१६मध्ये बॉस्टनच्या डेना-फार्बर संस्थेतल्या लोरेन वॉलेन्स्की यांच्या गटाने अशाच पिळाच्या पेप्टाइडवर गंधकाला पकडणारं टोक लावून बीएफएल-१ला निवडून अडवता येतं हे दाखवलं होतं. आम्हाला तेच पेप्टाइडशिवाय, गोळीत मावेल अशा रेणूने करायचं होतं. खाचेवर हलका बसणारा तुकडा, आणि त्याच्या टोकाला सिस्टीनशी सहसंयुज बंध जोडणारा गट. प्रयोगशाळेत त्या गटाला सगळे वॉरहेडच म्हणतात. मला तो शब्द कधी आवडला नाही, कारण तो ऐकला की वाटतं, जितकं जोरदार तितकं चांगलं. माझी चूक तिथेच झाली.

पुण्यात आम्हाला शिकवलं होतं की औषधाने शरीरातल्या प्रथिनांशी कायमचा बंध करू नये. त्या शिकवणीमागे कारण होतं. १९७३च्या सुमारास अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या संशोधकांनी पॅरासिटामॉलचा अतिडोस यकृताला का मारतो ते उलगडलं. यकृतात त्यापासून एक आक्रमक रेणू तयार होतो. ग्लुटाथायोन नावाचा राखणदार रेणू त्याला पकडून निकामी करतो, पण डोस फार झाला की ग्लुटाथायोन संपतं आणि तो आक्रमक रेणू यकृताच्या प्रथिनांना जागोजाग चिकटतो. त्यानंतर कित्येक वर्षं औषध कंपन्या चिकटणारे रेणू दिसले की बाजूला ठेवत. ते वातावरण बदललं ते अलीकडे, आणि त्यात केआरएएसचा वाटा मोठा. हे प्रथिन अडवता येत नाही असं तीसेक वर्षं मानलं जाई. २०१३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केव्हन शोकात यांच्या गटाने दाखवलं की १२व्या जागी ग्लायसीनऐवजी सिस्टीन आलेल्या बिघडलेल्या केआरएएसमध्ये, त्या सिस्टीनला पकडलं तर शेजारी एक खळगा उघडतो आणि हे प्रथिन पुढच्या प्रथिनांशी नीट बोलू शकत नाही. २०२१मध्ये त्या वाटेवरचं पहिलं औषध, सोटोरासिब, फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. मी तिथे पोचले तेव्हा प्रत्येक गटात कुणी ना कुणी सिस्टीनच्या मागे होतं.

मी घाईत होते, म्हणून जोरदार वॉरहेड निवडलं. क्लोरोअ‍ॅसिटामाइड बनवायला सोपं, उरलेला रेणू कसाही असो ते एका पायरीत लागतं, आणि परिणाम लगेच दिसतो. आमची चाचणी अशी होती: प्रथिनाच्या खाचेत बिमचा चमकणारा तुकडा बसवून ठेवायचा. प्रथिनाला धरून असलेला तुकडा जड असल्यामुळे हळू गिरकी घेतो, सुटला की भरभर फिरतो. तो फरक प्रकाशाच्या ध्रुवीकरणातून मोजायचा. माझे रेणू टाकले की आकडा धाडकन खाली यायचा. मी पंचवीसेक रेणू बनवले, आकडे उतरत्या क्रमाने लावले आणि त्यातून कुठला खळगा कशाने भरतोय याचे निष्कर्षही काढले.

मास स्पेकचा तो कागद घेऊन मी परत आले आणि चाचणीची प्लेट पुन्हा हातात घेतली. उजेडासमोर धरली तेव्हा जास्त डोसच्या कप्प्यांत बारीक पांढरट धूसरपणा दिसला. तो रोज तिथे असणार, मी कधी प्लेट उजेडासमोर धरली नव्हती. प्रथिनावर नको तिथे दोन-तीन रेणू चढले की ते वेडंवाकडं होऊन साकळत होतं, आणि साकळलेल्या प्रथिनाच्या हातून बिमचा तुकडा आपोआप निसटत होता. मिठी सुटत होती हे खरं. पण मिठी मारणाराच मेला होता.

प्रोफेसरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आता ग्लुटाथायोनमध्ये टाकून बघ. किती वेळ टिकतो?" पेशीत ग्लुटाथायोन एक ते दहा मिलिमोलर असतं, म्हणजे आमच्या रेणूच्या मानाने हजारपट. मी पाच मिलिमोलर घेतलं, ३७ अंशांवर ठेवलं. तासाभरात अर्ध्याहून जास्त रेणू संपला. क्लोरोअ‍ॅसिटामाइड घोरपडीसारखं, दिसेल त्या भिंतीला पकड घेणारं. पेशीत शिरल्या शिरल्या तो पहिल्या राखणदारालाच चिकटून बसणार होता.

त्या रविवारी मिरजेहून बाबांचा फोन आला. त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांनी रोजची अ‍ॅस्पिरिनची गोळी सात दिवस आधी बंद करायला सांगितली होती. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. कारण कळल्याशिवाय ते कुठलीच सूचना पाळत नाहीत.

"अगं, सकाळी घेतलेली गोळी रात्रीपर्यंत शरीराबाहेर जाते ना? मग सात दिवस कशाला?"

मी सांगितलं की अ‍ॅस्पिरिन रक्तात फार थोडा वेळ टिकतं, वीसेक मिनिटांत निम्मं होतं. पण तेवढ्यात ते रक्तातल्या प्लेटलेटमधल्या एका एन्झाइमला आपला एक तुकडा कायमचा जोडून जातं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, म्हणून तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही. ती प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते, आणि जगेल तोवर तिचं ते एन्झाइम बंदच. नव्या प्लेटलेट पुरेशा तयार व्हायला आठवडा लागतो.

"म्हणजे गोळी गेली तरी तिने केलेलं राहतं," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "पण तिला बरोबर तेच एन्झाइम कसं सापडतं? बाकी कुठे नाही का चिकटत?"

मी त्यांना सांगता सांगता स्वतःच ऐकत होते. अ‍ॅस्पिरिन इतर प्रथिनांनाही थोडंफार चिकटतं, पण हळू. या एन्झाइमच्या आत एक अरुंद बोळ आहे. तिथे अ‍ॅस्पिरिन आधी टेकतं, त्याचा तो तुकडा बरोबर एका सेरीनसमोर येतो, आणि मग बंध होतो. आधी बसतं, मग चिकटतं. जोर त्या तुकड्याचा नाही, बैठकीचा आहे. १९७१मध्ये जॉन व्हेन यांनी अ‍ॅस्पिरिन शरीरात काय अडवतं ते दाखवलं, पुढे त्यांना नोबेल मिळालं, हे मी एमएस्सीला पाठ केलं होतं. पण माझ्या पंचवीस रेणूंपैकी एकही आधी बसत नव्हता, हे मला बाबांच्या प्रश्नाने दिसलं.

फोन ठेवताना बाबांनी आणखी एक विचारलं: "मग तुझी गोळी एकदा चिकटली की कॅन्सरच्या पेशीत कायमची?" तसं नव्हतं. कॅन्सरच्या पेशीला केंद्रक असतं, ती नवं प्रथिन बनवत राहते, आणि या घराण्यातली काही प्रथिनं तर पेशी फार भरभर मोडते आणि बनवते. म्हणजे नुसतं चिकटून भागणार नव्हतं, पेशी नवं प्रथिन बनवायच्या आत पुरेशा प्रथिनांवर चिकटायला हवं होतं. मंद तर हवा, पण जागेवर बसल्यावर चपळ. वर्षभर या दोन मागण्यांच्या मध्ये मी काढलं.

क्लोरोअ‍ॅसिटामाइड सोडलं आणि अ‍ॅक्रिलामाइड घेतलं. ते फार थंड स्वभावाचं. ग्लुटाथायोनमध्ये एक रात्र ठेवलं तरी बरंचसं शाबूत राहतं. बनवायला मात्र जिकिरीचं. अ‍ॅक्रिलॉइल क्लोराइडची बाटली फ्यूम हूडच्या बाहेर आली की डोळ्यांत पाणी येतं, घसा धरतो. बर्फात ठेवलेल्या फ्लास्कमध्ये थेंब थेंब टाकायचं, जास्त पडलं तर सगळं चिकट राळेसारखं होऊन बसतं. टीएलसीची प्लेट पोटॅशियम परमँगनेटमध्ये बुडवली की जांभळ्या पाटीवर पिवळा ठिपका उमटतो, तो बघायची मला इतकी सवय झाली की अजूनही हळदीचा डाग बघितला की ते आठवतं.

पहिले दहा अ‍ॅक्रिलामाइड प्रथिनाला चिकटलेच नाहीत. एकही नवं शिखर नाही. गटातल्या एका चिनी सहकाऱ्याने वॉरहेड नसलेला तुकडा प्रथिनाबरोबर स्फटिकात बसवून त्याचा एक्स-रे घेतला, तेव्हा कळलं की माझा तुकडा खळग्यात बसतो पण टोक सिस्टीनपासून दूर, भलत्या दिशेला उघड्यावर पडतं. मधला दुवा लवचीक होता. मी लवचीक दुवा चांगला मानत होते, कारण त्याला कुठेही वळता येतं. पण कुठेही वळू शकणारी गोष्ट नेमक्या जागी फार थोडा वेळ असते. मग साखळी काढून तिथे पाच अणूंचं वलय टाकलं, पायरोलिडीनचं. बोक हा संरक्षक गट लावलेलं ३-अमिनोपायरोलिडीन उजव्या आणि डाव्या घडणीचं, दोन वेगळ्या बाटल्यांत विकत मिळतं. मी दोन्ही मागवल्या.

दोन्ही रेणू एकाच आठवड्यात तयार झाले. वजन तेच, ३९८. विद्राव्यता तीच, टीएलसीवर ठिपका त्याच उंचीवर. ग्लुटाथायोनमध्ये दोघांचा वेग एकच, आलेखावर दोन्ही रेघा एकमेकींवर पडत होत्या. फरक फक्त डाव्या आणि उजव्या पायातल्या चपलेएवढा.

त्या दिवशी मास स्पेकपाशी मी बसूनच राहिले. पहिला नमुना, उजव्या घडणीचा: मूळ प्रथिनाचं शिखर जवळजवळ नाहीसं झालेलं, त्याच्या उजवीकडे ३९८वर एक उंच शिखर. ७९६वर काही नाही. अ‍ॅक्रिलामाइड चिकटताना काहीच बाहेर टाकत नाही, म्हणून पूर्ण ३९८. दुसरा नमुना, आरशातलं भावंड, तोच डोस, तोच वेळ: मूळ प्रथिन जसंच्या तसं, आणि शेजारी नुसता एक उंचवटा. बाईंनी दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात पाहिले. "आज एक," त्या म्हणाल्या. त्यांना चार महिन्यांपूर्वीचं उत्तर लक्षात होतं.

या दोन कागदांपेक्षा मोलाचं माझ्या हातून त्या तीन वर्षांत काही झालं नाही, असं मला अजूनही वाटतं. रेणूची आक्रमकता हा एकच खुलासा असता तर दोघेही सारखेच चिकटले असते. पुढे आम्ही प्रथिन ट्रिप्सिनने कापून चिकटलेला तुकडा शोधला, तो ५५व्या सिस्टीनचाच निघाला. त्या सिस्टीनच्या जागी सेरीन घातलेलं प्रथिन बनवलं, त्याला माझा रेणू शिवलाही नाही. प्लेट उजेडासमोर धरली, ती स्वच्छ होती.

पण हे सगळं परीक्षानळीत. पेशीत जायला आणखी आठ महिने लागले. बीएफएल-१वर तगून असलेल्या त्वचेच्या कॅन्सरच्या पेशींना रेणू दिला, काही तासांनी पेशी फोडल्या, अँटीबॉडीने बीएफएल-१ ओढून काढलं आणि त्याच्याबरोबर बिम येतं का ते जेलवर पाहिलं. उजव्या रेणूने बिमचा पट्टा फिका झाला. डाव्याने झाला नाही. मग रेणू धुऊन काढून पेशी तशाच ठेवल्या, तरी काही तास पट्टा फिकाच राहिला आणि मग हळूहळू परत गडद होत गेला, पेशीने नवं प्रथिन बनवलं तसा. बाबांनी फोनवर विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या पाच पट्ट्यांत होतं.

सगळं चांगलं झालं असं नाही. रेणूला अल्काइनची शेपटी लावून पेशीतली कुठकुठली प्रथिनं तो पकडतो ते पाहिलं, तेव्हा बीएफएल-१शिवाय आणखी दोन ठळक पट्टे दिसले. त्यातला एक कशाचा ते आम्हाला शोधता आलं, दुसऱ्याचा शोध माझ्या हातून पुरा झाला नाही. आणि उंदराच्या यकृतातल्या एन्झाइमांसमोर रेणू अर्ध्या तासात तुटत होता. पायरोलिडीनच्या शेजारच्या कार्बनवर ऑक्सिजन चढत होता. तो कार्बन झाकला तर सिस्टीनपर्यंतची बैठक बिघडत होती. त्याचं औषध होणं अजून फार लांब होतं, आणि माझा व्हिसा संपत आला होता.

सध्या मी पुण्यात आहे, आणि सिस्टीनच्या पलीकडे गेले आहे. बहुतेक प्रथिनांच्या भेटीच्या जागी सिस्टीन नसतंच; लायसीन मात्र पुष्कळदा असतं. अडचण अशी की शरीराच्या आम्लतेला लायसीनच्या टोकावर प्रोटॉन बसलेला असतो आणि तो असेपर्यंत ते कशाशीच बंध करत नाही. त्यासाठी आम्ही सल्फोनिल फ्लोराइड वापरून पाहतो, ते पाण्यात तुटतं. अरिल फ्लुरोसल्फेट त्याहून टिकाऊ, पण इतकं निवांत की बैठक तंतोतंत जमली तरच हलतं. मला ते आवडायला लागलं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मी माझे सगळे नमुने नव्या विद्यार्थिनीच्या हवाली केले. बहुतेक बाटल्यांवर नुसते क्रमांक होते. पायरोलिडीनच्या दोन बाटल्या मी रबरबँडने एकत्र बांधल्या आणि वर चिकटपट्टी लावून तिच्यासाठी लिहिलं की यातली एकटी कधी वापरू नकोस, प्रत्येक प्रयोगात दोन्ही घे. तिने त्या उणे वीसच्या फ्रीझरमध्ये पुढच्या खणात ठेवल्या.